राइट ऑफ

इंग्रजी क्रियापदाशी माझे तसे वैर नाही. एकटेदुकटे भेटले तर ते बिचारे गरीब असते. 'गो' म्हणजे जाणे, 'पुट' म्हणजे ठेवणे, 'राइट' म्हणजे लिहिणे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे, आणि पाचवीतल्या पोराला पेलेल इतकेच ते होते. पण त्याच क्रियापदाच्या मागे एखादे 'अप', 'आउट', 'ऑफ' असे चिमुकले शेपूट लागले, की ते ओळख द्यायला तयार नसते. काल-परवापर्यंत आपल्या खांद्यावर हात टाकून कट्ट्यावर बसणारा मित्र लग्नानंतर बायकोला घेऊन समोरून येतो, तेव्हा जसा आपल्याकडे बघत नाही, तसे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवीत होते. ते सांगत, "अरे, डॉक्टर जॉन्सननं १७५५ साली डिक्शनरी काढली, तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यांत जड जातात ती ही शेपटं." अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझी अडचण ओळखली होती, याचे मला फार बरे वाटे. अण्णांना मात्र 'परका माणूस' म्हणजे आपला मुलगा, हे कळायला जरा वेळ लागला.

या शेपटांत सर्वांत बेभरवशाचे म्हणजे 'ऑफ'. एका 'एफ'चा 'ऑफ' आणि दोन 'एफ'चा 'ऑफ' हे मुळात दोन नव्हेतच, एकच शब्द. पुढे केव्हातरी वाटण्या झाल्या आणि धाकट्याने एक 'एफ' जादा घेऊन वेगळी चूल मांडली. वेगळ्या चुलीवर जे होते ते इथेही झाले. दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो. दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासते. इथवर माणूस समजू शकतो, की 'ऑफ' म्हणजे संपले, गेले, आटोपले. आणि मग अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे? बंद पडतो? नाही महाराज. ठणाणा वाजतो!

हे मला २०११ साली कळले, आणि कळले ते पोलिसांकडून. आमच्या शाखेतल्या अलार्मची बॅटरी उतरली होती. साहेब म्हणाले, वरच्या ऑफिसला कळवून टाका. मी बाणेदार इंग्रजीत कळवले, की सकाळपासून आमचा अलार्म 'हॅज गॉन ऑफ'. वरच्या ऑफिसातल्या मनुष्याचे इंग्रजी दुर्दैवाने चांगले होते. सकाळपासून अलार्म वाजतोय आणि शाखेतले कुणी फोन उचलत नाही (जेवणाची सुट्टी होती) एवढ्यावरून त्याने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. वीस मिनिटांत दारात जीप उभी राहिली. दोन हवालदार काठ्या सरसावून आत आले, तेव्हा साहेबांच्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात फोडलेला कांदा होता. साहेबांनी आधी हात वर केले, मग विचारले, "काय झालं?"

पण ही झाली गंमत. 'ऑफ'ने माझा खरा घात केला तो त्याच्या बारा वर्षे आधी.

१९९९ साली मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंट्समध्ये नापास झालो. ज्या गणितात माती खाल्ली त्यात 'बॅड डेट्स रिटन ऑफ' अशी एक ओळ होती. ही ओळ तेरीजपत्रकात आली तर एकदाच लिहायची आणि खाली ऍडजस्टमेंटमध्ये आली तर दोन ठिकाणी लिहायची, असा नियम. मी नेमके उलटे केले. माझा ताळेबंद जुळला नाही, आणि शेवटची वीस मिनिटे मी 'किरकोळ खर्च' वाढवून तो जुळवीत बसलो. त्या ओळीचा अर्थ काय, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मुंजीत मंत्र म्हणतात तसे आम्ही 'बॅडडेट्सरिटनऑफ' असे एका दमात म्हणत असू. त्यात एक क्रियापद आहे हे मला कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

निकालाच्या दिवशी अण्णा झोपाळ्यावर बसले होते. मार्कलिस्ट त्यांनी दोनदा वाचली, घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आय हॅव रिटन यू ऑफ."

अण्णा रागावले की इंग्रजीत बोलत. फार रागावले की कमी बोलत. हे एकच वाक्य बोलून ते आत गेले. मी घाबरलो खरा, पण अर्थ लागेना. म्हणून त्यांच्याच कपाटातून त्यांचाच ऑक्सफर्ड कोश काढला. 'राइट ऑफ'खाली दोन-तीन अर्थ होते. त्यातला जो मला सोयीचा वाटला तो मी घेतला. पत्र लिहून पाठवणे, पत्र टाकून काही मागवणे! माझे डोळे भरून आले. अण्णांनी माझ्यासाठी पत्र लिहिले होते! आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिणार? दादरच्या काकांना. काका रेल्वेत होते. म्हणजे आपली रेल्वेत सोय लागतेय!

मी बॅग भरली. दोन नव्या बनियन घेतल्या. कट्ट्यावर सांगून आलो, की मुंबईला चाललोय, पासवर फिरायचं असेल तर सांगा. पुढले पंधरा दिवस पोस्टमनच्या आधी मी दारात. शेवटी आईनेच विचारले, "ही बॅग कसली रे भरून ठेवलीयस?" मी सगळे सांगितले. आई आधी हसली. खूप हसली. पदराने डोळे पुसले, मग जरा वेळ पुसतच राहिली. मग म्हणाली, "अरे वेड्या, पत्र नाही लिहिलं त्यांनी. तुझ्या नावानं आंघोळ केलीय."

मराठीत मात्र मला एका क्षणात समजले. आपल्या भाषेला या कामी शेपूट लागत नाही. आपण पैशावर पाणी सोडतो. उधारी बुडीत खाती टाकतो. फसवले गेलो तर रक्कम अक्कलखाती जमा करतो. नुकसानीलासुद्धा 'जमा' म्हणणारे जगात दुसरे कोण असेल? आणि माणूसच हाताबाहेर गेला तर त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होतो. एवढे सगळे घरात असताना सरकारी मराठीने 'निर्लेखन' असा शब्द का काढावा, मला कळत नाही. 'निर्लेखन' ऐकले की मला पहाटे उपाशीपोटी करायचा योगासनाचा प्रकार वाटतो.

त्यानंतर अण्णा आणि मी एका घरात राहत होतो, पण आमचा व्यवहार आईच्या खिडकीवरून चाले. "त्याला सांग, पंख्याचं बटण बंद करत जा." "त्यांना सांग, मी नव्हतो खोलीत." २००१ साली मी एकदाचा पदवीधर झालो. मग सहा वर्षे एका कापडदुकानात हिशेब लिहिले आणि मिळेल त्या बँकेची परीक्षा दिली. फॉर्मचे पैसे, पुण्याला जायचे एस. टी.चे भाडे, पुस्तके, हे सारे आई द्यायची. डाळीच्या डब्यातून नोटा काढायची आणि म्हणायची, "घे. ह्यांना सांगू नकोस." मी कशाला सांगतो? २००७ साली अखेर एका बँकेत चिकटलो. कारकून म्हणून. आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत. २०२४ च्या करारापासून आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' आहोत. पगाराच्या स्लिपवर नाव इतके लांब झाले आहे की पगार आखूड वाटतो.

आणि नियतीची गंमत पाहा. ज्या क्रियापदाने मला घरात नापास केले, ते पुढे माझ्या टेबलावर येऊन बसले. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की आमच्याकडे ते कर्ज 'अनुत्पादक' होते. मग बँक आपल्या नफ्यातून त्याच्यापोटी थोडी थोडी रक्कम बाजूला काढू लागते. पुरती रक्कम बाजूला निघाली आणि वसुलीची आशा राहिली नाही, की ते कर्ज ताळेबंदातून उतरवतात. हे राइट ऑफ. त्यातही एक 'टेक्निकल राइट ऑफ' असते. म्हणजे ताळेबंदापुरते नाव गेले. पण कर्जदाराच्या खात्यावर ती बाकी रुपया-पैशासकट जिवंत. बँकेने हक्क सोडलेला नसतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकात हे स्वच्छ लिहिलेले आहे. मी ते तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी थोडे समजले.

पुरते समजावले ते टेलरमास्तरांनी.

आमच्या शाखेच्या समोरच्या बोळात त्यांचे दुकान. शाळांचे गणवेश शिवायचे. २०१८ साली त्यांनी मुद्रा योजनेत पन्नास हजारांचे कर्ज काढून दोन मशिने घेतली. पाच तारीख उजाडली की मास्तर खिडकीवर हजर. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि गणवेशही. पोरे घरी चड्डी-बनियनवर शिकू लागली, त्याला मास्तरांची काय गरज? सवलतीचे महिने संपले, हप्ते थकले, नोटिसा गेल्या, आणि २०२४ च्या मार्चअखेरीला मास्तरांची एकतीस हजारांची बाकी इतर पुष्कळांबरोबर राइट ऑफ झाली.

एका सकाळी मास्तर आले ते हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. चार वर्षांत पहिल्यांदा मान वर करून आत आले. साहेबांना पेढा, कॅशियरला पेढा, शिपायाला दोन. मला देताना म्हणाले, "भाऊसाहेब, देवासारखे पावलात. पुतण्यानं मोबाइलवर रिपोर्ट काढला. कर्ज राइट ऑफ झालंय म्हणाला."

पेढा माझ्या तोंडात होता. कंदी पेढा हा घाईने गिळायचा पदार्थ नाही. तो संपेपर्यंत काय बोलायचे याचा मी विचार केला. संपल्यावरही काही सुचले नाही. साहेब तेवढ्यात मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. (साहेब लोकांचा फोन अशा वेळी हमखास वाजतो. तो खरा 'गोज ऑफ'.)

"मास्तर, बसा," मी म्हणालो. "राइट ऑफ म्हणजे माफ नव्हे."

"पण पुतण्या म्हणाला, राइट म्हणजे लिहिलं, ऑफ म्हणजे बंद."

पुतण्याचे काय चुकले? मीही त्याच शाळेतला. मी म्हणालो, "माफीचा शब्द वेगळा. २००८ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचं झालं, ती माफी. त्याला इंग्रजीत 'वेव्ह' म्हणतात." लोक, आणि आमच्या बँकेतली पत्रेसुद्धा, 'वेव्ह ऑफ' लिहितात, ते चूक आहे. माफीच्या 'वेव्ह'ला शेपूट नसते. शेपटाचा 'वेव्ह ऑफ' स्पेलिंगने निराळा, आणि त्याचा अर्थ हात हलवून माणसाला परत पाठवणे. हे मी मास्तरांना सांगितले नाही. सांगून त्यांचे एकतीस हजार कमी होणार नव्हते. मी त्यांना ताळेबंद, तरतूद, टेक्निकल असे कायकाय सांगत राहिलो. मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत ऐकत होते. मग म्हणाले, "थांबा. गिऱ्हाईक शर्ट शिवायला टाकतं आणि वर्षभर न्यायला येत नाही. बरोबर? तो शर्ट रोज डोळ्यांसमोर लटकत असतो. जागा अडते, जीव जळतो. मग दिवाळीला मी तो काढून माळ्यावर टाकतो. हिशेबातनं गेला. पण पावती फाडत नाही. दोन वर्षांनी आला तरी शिलाई घेतो आणि शर्ट देतो. असंच ना?"

रिझर्व्ह बँकेने हे मास्तरांकडून लिहून घेतले असते तर माझी दोन वाचने वाचली असती.

"असंच," मी म्हणालो.

"मग सरळ म्हणा ना, माळ्यावर टाकलंय." मास्तरांनी पुडा बांधला. त्यात चार पेढे राहिले होते. ते घरी न्यायचे की इथेच ठेवायचे हे त्यांना कळेना. मग एकदम म्हणाले, "मोठ्या लोकांचंही टाकता का हो माळ्यावर?"

मी म्हणालो, टाकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने संसदेत सांगितले होते, की २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी मिळून १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे राइट ऑफ केली. त्यांतली निम्म्याहून अधिक मोठ्या उद्योगांची आणि सेवांची.

"आणि खाली किती काढलं?"

"राइट ऑफ केलेल्यांतून वसूल झाले ते सुमारे दोन लाख कोटी."

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि सोडून दिले. "मोठा माळा आहे तुमचा," एवढेच म्हणाले. पेढे टेबलावर ठेवून गेले.

पुढच्या महिन्यात पाच तारखेला मास्तर पाचशे रुपये घेऊन खिडकीवर. म्हणाले, "शाळा सुरू झाल्यात." राइट ऑफ खात्यात आलेला पैसा थेट नफ्यात जमा होतो, त्यामुळे त्या पाचशे रुपयांनी साहेबांना जो आनंद झाला, तो पाच लाखांच्या ठेवीने झाला नव्हता. मला मात्र त्या दिवशी घास गोड लागला नाही. घरी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "माझ्या भावाला दिलेले पंचवीस हजार काढताय वाटतं माळ्यावरून?" मी तसे काही म्हणालो नव्हतो. पण काही विषय घरात 'टेक्निकल' असतात.

मागच्या दिवाळीला कराडला गेलो. आई जाऊन चार वर्षे झाली. अण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत. माळ्यावर त्यांना चढू देत नाही. साफसफाईसाठी मी चढलो. पितळेची भांडी, शाळेची हजेरीपुस्तके, माझी १९९९ ची बॅग (एक बनियन अजून घडीत होती), आणि सुतळीने बांधलेल्या अण्णांच्या हिशेबाच्या वह्या. अण्णा दुधापासून दाढीच्या पात्यापर्यंत सगळे लिहीत. एका वहीच्या शेवटी एक पान माझ्या नावाचे होते. वर अण्णांच्या मोत्यासारख्या इंग्रजीत 'रिटन ऑफ', आणि निकालाची तारीख. खाली तांबड्या शाईची रेघ.

आणि रेघेखाली हिशेब चालूच होता.

'बँक परीक्षा फॉर्म, रु. १५०. सौ.कडे दिले.' 'पुणे जाणे-येणे, रु. १४०. सौ.कडे दिले.' 'पुस्तके, रु. ३२०. सौ.कडे दिले.' 'चप्पल, रु. १८५. त्याची झिजली आहे. सौ.कडे दिले.' सहा वर्षांची दोन पाने. डाळीच्या डब्यात पैसे कुठून येतात, हे मी कॉमर्सचा पदवीधर असून कधी विचारले नव्हते. शेवटची नोंद २००७ ची. 'नोकरी लागली. पेढे, १ किलो.' नावे बाजू भरलेली. जमा बाजू पांढरी.

मी तिथेच कौलाखाली वाकून बसलो. खालून हाक आली, "काय रे, सापडली का पणत्यांची पाटी?"

पाटी आणि वही घेऊन उतरलो. वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, "अण्णा, तुम्ही तर मला राइट ऑफ केलं होतंत."

अण्णांनी चष्मा लावला. पान पाहिले. बराच वेळ पाहिले. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बेरीज नाही केलेली खाली. कर."

मी खिशातून मोबाइल काढला. "तोंडी कर," अण्णा म्हणाले. "बँकेत आहेस ना?"

मी बोट ठेवून दोन्ही पाने उतरत गेलो आणि आकडा सांगितला. अण्णांनी वही घेतली, ओठ हलवत वरून खाली गेले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

"चाळीस रुपये चुकलास," ते म्हणाले. "पुन्हा कर."